शिवणबाईंचा ड्रोनचा वर्ग

शाळेतला शिवणाचा विषय बंद झाला, हे शिवणबाईंना मशिनं उचलायला आलेल्या हमालांकडून कळलं. सुट्टी संपत आली होती. वर्ग झाडून, मशिनांना तेल घालून ठेवावं म्हणून बाई शाळेत आल्या, तर दार सताड उघडं आणि आत दोघं जण एक मशीन उताणं पाडून त्याचं पायडल सोडवत बसलेले. कुठे नेताय, असं विचारल्यावर एक म्हणाला, भंगारात. दुसरा जरा जाणता होता. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "गोदामात हो, बाई. गोदामात."

बाई तशाच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वयाने शिवणबाईंपेक्षा लहान, पण खुर्ची मोठी म्हणून मोठ्या. त्यांनी आधी पाण्याचा पेला पुढे केला, त्यावरूनच शिवणबाईंनी ओळखलं की बातमी काही बरी नाही. वरच्या कचेरीचा हुकूम सुट्टीत आला होता. शिवणाला आता पुढे काही भविष्य नाही, असं कचेरीचं मत पडलं होतं. त्याच्या जागी ड्रोन येणार होते. वरच्या वर्गातली मुलं ते जोडणार, उडवणार, दुरुस्त करणार, त्यांच्याकडून मोजमापं घ्यायला शिकणार. आणि हे शिकवायला नवा माणूस मिळणार नव्हता. शिवणबाईंची निवृत्ती काही वर्षांवर आली होती. तोवर एक तर ड्रोनचं प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या कुठल्या शाळेच्या कोठारात खडू-फडकी मोजत बसायचं.

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याचा जन्म टपाल वेगळं करण्यात गेला होता. ते टपालही आता आटलं होतं आणि गुडघे धरून ते घरी बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, आयुष्यभर मान खाली घालून शिवलंस. आता जरा वर बघ."

प्रशिक्षणात बाई सगळ्यांत वयस्कर होत्या. शिकवणारा पोरगेला तरुण त्यांना काकू म्हणायचा आणि बाकीच्यांना सर. पहिल्याच दिवशी बाईंचा ड्रोन खिडकीच्या पडद्यात घुसला, दुसऱ्या दिवशी खेळाच्या मास्तरांच्या डोक्यावरून गेला, आणि त्यानंतर बाईंची पाळी आली की खेळाचे मास्तर मुकाट्याने टेबलाखाली बसायचे. बाई स्वतःही हसायच्या. पण बसमधून घरी येताना त्या दिवसभराच्या चुका बोटांवर मोजायच्या. या वयात नापास होण्याची लाज वेगळीच असते.

मग सोल्डरिंगचा दिवस आला. केसासारख्या तारा सोलायच्या, तापलेल्या सळईने शिशाचा बारीक थेंब सोडून त्या जागच्या जागी बसवायच्या. बाईंच्या हातांना हे काम अनोळखी वाटलं नाही. काजं करताना धरतात तसा श्वास धरून त्यांनी चारही मोटरींच्या तारा लावल्या. ड्रोन वर उठला, थरथरला आणि छातीइतक्या उंचीवर जाऊन उभा राहिला. त्या खोलीत बाईंना पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल. खरं सांगायचं तर जमेलच नव्हे, आवडेलही.

आणि आवडलंच. वर्ग तोच राहिला, कापड बेतायची लांब टेबलंही तीच. मागच्या मोकळ्या जागेत बाईंनी बॅडमिंटनच्या जुन्या जाळ्या एकमेकींना शिवून मोठा पिंजरा केला. मुलं त्यांना ड्रोनबाई म्हणतील असं मोठ्या बाईंना वाटलं होतं, पण मुलांच्या तोंडी शिवणबाईच राहिलं. चार मोटरींपैकी दोन उजवीकडे फिरतात आणि दोन डावीकडे. पाती अदलाबदल झाली तर ड्रोन उडायच्या ऐवजी उलटा पडतो. हे बाई फळ्यावर न सांगता मुद्दाम चुकीची पाती लावून दाखवायच्या. ड्रोन झुरळासारखा उताणा होऊन तडफडला की वर्ग हसून बेजार व्हायचा आणि पुन्हा कोणी चुकायचं नाही. वजन करायचं, मोटरींची ताकद ताडायची, बॅटरी किती टिकेल त्याचं गणित मांडायचं. ज्या मुलांना गणित म्हटलं की शौचाला लागायचं, ती इथे टेबलाभोवती एकमेकांशी भांडून हिशेब करायची.

एका वर्षी मुलांनी शाळेचं अख्खं छप्पर मोजलं. वरून फोटो घ्यायचे, ते जोडून एक नकाशा करायचा, त्यावरून प्रमाणात आराखडा काढायचा. वरच्या मजल्यावरच्या भिंतीला कायम ओल यायची. फोटोत दिसलं की पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी मेलेलं कबूतर अडकलंय. शिपाई शिडी लावून ते काढून आला. भिंत वाळली. त्या दिवशी बाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, की इतकी वर्षं मुलींना झबली शिवायला शिकवलं, पण शाळेची भिंत काही वाळली नव्हती.

ते फोटो घेणारी मुलगी म्हणजे तिरपी.

तिला हे नाव मुलांनी ठेवलं होतं. कशाकडेही बघताना ती मान डाव्या खांद्यावर टाकायची, म्हणून तिरपी. दुसरी एखादी रडली असती. हिने स्वतः जोडलेल्या ड्रोनच्या अंगावर लाल रंगाने "तिरपी" असं लिहून टाकलं आणि प्रश्न मिटवला. अंगाने काटकुळी, बोलायला कमी. पण रिमोट हातात आला की तिचे अंगठे असे हलायचे की हललेले दिसू नयेत. बाईंनी पिंजऱ्यात तारेच्या कड्या टांगल्या होत्या. बाकीची मुलं त्यांतून ड्रोन काढताना दहादा अडकायची. तिरपीचा ड्रोन सुईतून दोरा जावा तसा जायचा. तालुक्याच्या शाळांच्या स्पर्धेत तिने पहिला नंबर आणला. मोठ्या बाईंनी तिचा फोटो आपल्या खोलीत लावला आणि पाहुण्यांना दाखवताना ही आमच्या शिवणबाईंची मुलगी असं म्हणायला लागल्या.

बाईंना स्वतःची मुलगी नव्हती. त्यांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही.

तिरपीची आई कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर होती. तिथे दवाखान्यांचे, हॉटेलांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश शिवले जायचे. वडील फार पूर्वीच निघून गेलेले. कुठे, ते कोणी विचारत नसे. शाळेचं शेवटचं वर्ष संपायला आलं तेव्हा तिरपी एक दिवस म्हणाली, की तिला आता कारखान्यात कटिंग मास्तरच्या हाताखाली जायचंय. आईने सगळं ठरवलंय.

बाईंना ते ऐकवेना. त्या रविवारी त्या तिच्या घरी गेल्या.

घर म्हणजे एक खोली. खाटेवर बिनबटणांच्या सदऱ्यांची चळत, कोपऱ्यात शेगडी, आणि खिडकीत वाळत घातलेला तिरपीचा शाळेचा पोशाख. आईने चळत उचलून जमिनीवर ठेवली आणि बाईंना खाटेवर बसवलं. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. तिने सांगितलं ते असं: कटिंग मास्तर म्हातारा झालाय, त्याला हाताखाली एक शिकाऊ हवाय. कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बायका पन्नास, पण कापड बेतून कापणारा एकच. त्याचा शब्द मालकही मोडत नाही. अशी जागा आपल्यासारख्यांच्या आयुष्यात एकदाच निघते. मास्तरने तिरपीचा हात बघितला, सरळ रेषेत कात्री चालवून बघितली आणि हो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. वरच्या कचेरीच्या योजनेतून दर शाळेच्या एका हुशार मुलाला ड्रोन उडवायच्या परवान्याच्या अभ्यासक्रमाला फुकट जागा मिळते. परवाना हातात आला की पूल तपासायला, छपरं मोजायला, विजेच्या तारा बघायला माणसं लागतातच. एवढी हुशार मुलगी आयुष्यभर कापडाच्या धुळीत घालवायची का? शिवणाला आता दिवस राहिले नाहीत.

"बाई, हे तुम्ही म्हणता?" आई म्हणाली.

"मीच म्हणते. माझ्या डोळ्यांदेखत मशिनं उचलून नेली."

आईने दाराकडे बघितलं. तिरपी दारात उभी होती, मान कललेली. मग आईने आवाज खाली आणून विचारलं, "तिचा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नाही. उजेड कळतो, धूसर आकार कळतात, तेवढंच. तुम्हाला ठाऊक असेलच. त्याचं काही होणार नाही ना पुढे?"

बाईंना ठाऊक नव्हतं. मान तिरकी ठेवायची सवय आहे, एवढंच त्या समजून होत्या. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे तारेच्या कड्यांतून सरसर जाणारा ड्रोन आला. जी मुलगी एका डोळ्याने हे करते, तिला कोण अडवणार? आणि त्यांनी अगदी मनापासून उत्तर दिलं. "अहो, डोळा लागतो तो यंत्राला. ते वर असतं, आणि त्याचा डोळा शाबूत आहे. हिने फक्त पडद्यावर बघायचं."

आई हसली. बाईंना वाटलं, पटलं तिला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, की हे डोळ्याचं कुणाला विचारून घेतलंस का? बाई म्हणाल्या, त्यात विचारायचं काय आहे?  पत्ता अपुरा असलेलं पाकीट नवरा नोकरीत बाजूला ठेवायचे, तसा त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

कटिंग मास्तरने महिनाभर वाट बघितली आणि दुसऱ्या मुलीला घेतलं. ती तिरपीच्याच वर्गातली होती, पिंजऱ्यात सगळ्यांत जास्त वेळा अडकणारी.

परवान्याचं केंद्र लांब होतं, बसने अर्ध्या दिवसावर. तिरपीला निरोप द्यायला बाई बस-थांब्यावर गेल्या. आईने नवी पिशवी शिवून दिली होती. दोघी बायकांनी हात केला, बस गेली, आणि परतताना आई म्हणाली, की पहिल्यांदाच आमच्या घरातलं कोणी शिकायला म्हणून गावाबाहेर गेलंय.

तिरपी दुसऱ्याच दिवशी परत आली. घरी न जाता ती आधी शाळेत आली. मधली सुट्टी होती, बाई एकट्याच वर्गात डबा खात होत्या. तिरपीने पिशवी टेबलाखाली ठेवली, कोणीतरी वेड्यावाकड्या टाकलेल्या तारा उचलल्या आणि एकेक सरळ करायला लागली.

"काय गं, विसरलीस का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्याच तासाला डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्यावर हात ठेवायला लावला आणि भिंतीवरचं वाच म्हणाले."

"मग?"

"मला भिंत दिसत होती, बाई. अक्षरं नाही."

बाईंनी डबा बंद केला. तिरपीने तारांची जुडी बांधली, खणात ठेवली, आणि म्हणाली, "आईला तुम्ही सांगाल का? मला सांगता येणार नाही."

बाईंनी सांगितलं. ते कसं सांगितलं, हे त्यांनी नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नाही.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून, तिरपीला बरोबर घेऊन त्या स्वतः केंद्रावर गेल्या. तिथला अधिकारी सभ्य होता. त्याने बसायला सांगितलं, चहा मागवला. तो म्हणाला, की नियम मूळचा विमानवाल्यांचा आहे, आम्ही तसाच्या तसा घेतलाय. ड्रोन आकाशात उघड्या डोळ्यांनी बघावा लागतो, तो जवळ आहे की लांब हे कळावं लागतं, आणि त्याला दोन डोळे लागतात. बाई म्हणाल्या, मुलगी बाहेर बसली आहे, तिला उडवायला सांगा. तारेच्या कड्या टांगा, नाहीतर झाडाच्या फांद्यांतून न्यायला सांगा.

"उडवेल हो. मला शंका नाही," तो म्हणाला. "उद्या कोणाच्या डोक्यावर पडला तर विमा कंपनीवाले विचारतील, हिला परवाना कोणी दिला. मी काय सांगू? कड्यांतून छान काढत होती?"

बाईंनी पुढचा रस्ता विचारला. वर अर्ज करता येईल, असं तो म्हणाला. त्यांनी अर्ज केला. मग आणखी वरच्या कचेरीत खेपा घातल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एका साहेबाकडून दुसऱ्याकडे. सगळीकडे लोक चांगले होते. चांगल्या माणसांशी भांडता येत नाही, हे बाईंना त्या वर्षी कळलं. शेवटी उत्तर आलं ते एका ओळीचं: नियमात सूट नाही.

मधल्या काळात त्या कटिंग मास्तरलाही भेटून आल्या. कारखान्याच्या दारापाशी धूळ आणि गरम इस्त्रीचा वास होता. मास्तर मोजपट्टी गळ्यात टाकून बाहेर आला. बाईंचं बोलणं त्याने ऐकून घेतलं. दोन शिकाऊ ठेवायला मालक तयार नाही, आणि घेतलेल्या पोरीला काढलं तर तिचा काय गुन्हा, एवढंच तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिरपीला काम हवं असेल तर धागे कापायला एक जागा आहे, तेवढी मी बोलतो, असं त्याने सांगितलं.

शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याला सुटे धागे लोंबत असतात. ते बारीक कात्रीने कापायचे, की कपडा पुढे जातो. कारखान्यात सगळ्यांत खालचं काम ते. तिरपी त्या कामाला लागली. कटिंगच्या टेबलाशी तिच्या वर्गातली ती मुलगी खडूने रेघा आखायची, आणि त्या रेघांवर कापलेल्या, शिवलेल्या सदऱ्यांचे धागे तिरपीच्या पुढ्यात यायचे. ती मुलगी स्वभावाने बरी होती. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी येऊन बसायची. तिरपी तिला जागा करून द्यायची.

शाळेतही फासे उलटे पडायला लागले. नवा नियम आला: परवाना असलेला माणूस हजर असल्याशिवाय शाळेच्या आवारात काहीही उडवायचं नाही. शिवणबाईंकडे परवाना नव्हता. परवान्याच्या तपासणीत चष्मा चालत नव्हता आणि त्यांना चष्म्याशिवाय स्वतःचा हातही धूसर दिसायचा, त्यामुळे तो मिळण्यासारखाही नव्हता. पिंजऱ्यात तरी चालेल का, म्हणून मोठ्या बाईंनी वर विचारलं. पिंजरा घरी केलेला आहे, मंजुरीचा नाही, असं उत्तर आलं. मग पाती काढून ठेवली. मुलं मोटरी जोडायची, त्या नुसत्या गुणगुणायच्या, आणि मुलं त्या पुन्हा सोडवायची. तीच तार आठवड्यातून दोनदा लावून दोनदा उखडायची. न वापरलेल्या बॅटऱ्या उशीसारख्या फुगल्या. त्या धोकादायक म्हणून वाळूच्या बादलीत घालून मागच्या अंगणात ठेवल्या. नव्या मागवल्या तर योजना संपली असल्याचं कळलं.

एक मुलगा एकदा वैतागून म्हणाला, "बाई, हे पोहणं कोरड्यात शिकण्यासारखं आहे." बाई हसल्या नाहीत. कारण तो बरोबर बोलत होता. आधीच्या वर्षांची मुलंही त्यांना अधूनमधून भेटायची. एक पार्सलं पोचवायचा, दुसरा मोबाइलच्या दुकानात काचा बदलायचा, तिसरी लग्न करून गेली होती. सगळी प्रेमाने बोलायची. शाळेच्या छपरावरचं कबूतर आठवून हसायची. आता तुम्ही काय करता, असं बाई पूर्वी विचारायच्या. आता घरचे बरे आहेत ना, एवढंच विचारायला लागल्या.

तिरपीच्या आईची एक दिवस गाठ पडली ती औषधाच्या दुकानात. बाई टाळून जाऊ शकल्या असत्या, पण गेल्या नाहीत. नवऱ्याच्या गुडघ्याचं मलम हातात धरून त्या म्हणाल्या, की माझी चूक झाली. मी कोणाला न विचारता बोलले.

आईने उरलेली चिल्लर पर्समध्ये टाकली. "तुम्ही तिचं वाईट करायला आला नव्हता, बाई. मला कळतं ते. पण कळून तिचा दिवस थोडाच लहान होणार आहे?"

ती रागाने बोलली असती तर बाईंना झेपलं असतं.

त्यानंतर बाईंना एक गोष्ट सुचली. दर रविवारी त्यांनी तिरपीला घरी बोलवायला सुरुवात केली. कापड कसं बेतायचं, उभा-आडवा धागा कसा ओळखायचा, मापावरून कागदी नमुना कसा काढायचा, हे सगळं त्यांना येत होतं. हेच शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. मास्तर आज ना उद्या जाईल, कारखाना वाढेल, दुसरीकडे कुठे जागा निघेल. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून, नवऱ्याला बाहेरच्या खोलीत हाकलून त्या शिकवायच्या. तिरपीचा हात अजून तसाच होता. पहिल्या दोन रविवारी तिने बाहीचा नमुना असा काढला की बाईंनी तो उचलून खिडकीपाशी नेऊन बघितला. नवऱ्याने चहा केला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज आला.

मग ती कागदावर फार खाली वाकायला लागली. डोळा सारखा पुसायची. बाईंनी विचारलं तर म्हणाली, धाग्यांची कुसं जातात. आठवडाभर जवळचं बघून बघून रविवारी तो डोळा उघडा ठेवावासा वाटत नाही. बाईंनी दिवा जवळ घेतला. मोठी अक्षरं, जाड पेन्सिल, सगळं करून बघितलं. तिरपी यायची ती त्यांच्यासाठी यायची, हे त्यांना उशिरा उमगलं. एका रविवारी जाताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "बाई, आता नको. एकच आहे तो. मला रोजच्यासाठी राखून ठेवायला हवा."

बाईंनी बरं म्हटलं. 

त्यापुढचे एक-दोन रविवार त्यांनी सवयीने टेबल रिकामं करून ठेवलं. नंतर त्यावर नवऱ्याची औषधं आली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा सभागृहात छोटासा समारंभ झाला. वरच्या कचेरीतून एक साहेब आले होते. शिवणबाईंना त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाईंनी सुईपासून आकाशापर्यंत झेप घेतली आणि असंख्य मुलांना पंख दिले, असं ते बोलले. टाळ्या झाल्या. मोठ्या बाईंनी मात्र भाषण केलं नाही. त्यांनी नुसता बाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ड्रोनच्या वर्गात पुढच्या महिन्यापासून संगणकावरचा दुसरा कुठलासा विषय येणार होता. टेबलं त्याच्या उपयोगाची नव्हती, ती जिन्याखाली ठेवायचं ठरलं होतं.  जाळ्यांचा पिंजरा त्यांनी आदल्या दिवशीच उसवून ठेवला होता. निदान खेळाच्या मास्तरांना तरी जाळ्या उपयोगी पडतील.

तिरपीला त्यांनी बोलावणं पाठवलं होतं. ती आली नाही. मालाची मोठी मागणी होती, सुट्टी मिळाली नाही, असा निरोप आला. तो खरा असावा.

ती भेटली ती काही महिन्यांनी, संध्याकाळी, बाजाराच्या कोपऱ्यावरच्या बस-थांब्यावर. गर्दी नव्हती. बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शिवणबाई दम खायला तिच्या शेजारी टेकल्या, आणि मग त्यांना कळलं की ही बाई नव्हे, ही तिरपी. मान कललेली नव्हती. ती सरळ समोर बघत होती, जसं कुठेच न बघणारी माणसं बघतात.

बाईंनी हाक मारली तेव्हा तिने आवाजावरून ओळखलं. उठून उभी राहायला लागली, बाईंनी खांद्याला धरून बसवलं. काकांचे गुडघे कसे आहेत, असं तिने विचारलं. बाईंनी सांगितलं. आई बरी आहे, असं ती म्हणाली. काम आहे तेच आहे. डोळ्याचं काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा तिने खांदे उडवले. डॉक्टरांनी थेंब दिलेत. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. जवळचं काम सोड म्हणतात.

"मग सोड ना," बाई म्हणाल्या, आणि बोलताक्षणीच त्यांना वाटलं की आपण पुन्हा तेच करतोय.

"सोडून कुठे जाऊ?" तिरपीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. बाईंना ठाऊक असेल तर तिला खरंच ऐकायचं होतं.

बाईंनी रस्त्याकडे बघितलं. वळणावरून एक बस येत होती. तिरपीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, डोळा बारीक केला, आणि मग नाद सोडून दिला.

"बाई, किती नंबरची आहे ती?"

बाईंनी नंबर वाचून सांगितला.

"माझी नाही," तिरपी म्हणाली, आणि पिशवी पुन्हा मांडीवर घेऊन बसली. बस थांबली, दोन माणसं उतरली, निघून गेली. शिवणबाईंची बस दुसऱ्या थांब्यावरून सुटायची, पण त्या तिथेच बसून राहिल्या, आणि पुढची बस आली की तिचा नंबर मोठ्याने वाचत राहिल्या.